चालकाचे झाकण

मी एक जुना रणगाडा आहे. दचकू नका मित्रांनो! मी रिमोटवर चालतो आणि जेमतेम मांजराएवढा आहे. घरातली मांजर तर मला कधीच घाबरली नाही. मोटर गरम झाली की ती माझ्यावरच ताणून द्यायची.

मला एका निवृत्त टर्नरने घडवले. पत्र्याचे अंग, पितळेची तोफ आणि साखळीपट्ट्याची एकेक कडी त्याने कानशीने घासून बसवली. लेक म्हणायची, "बाबा, जेवायला येता की रणगाड्यालाच वाढू?" तो हसायचा, पण उठायचा नाही. असा मी तीन वर्षांनी तयार झालो.

माझ्या पुढच्या अंगाला एक चिमुकले झाकण आहे. खऱ्या रणगाड्याचा चालक तिथून आतबाहेर करतो. बाकीची झाकणे त्याने नुसती चिकटवली, या एकाला मात्र बिजागरी लावली. तोफ सरळ समोर असली की हे झाकण नळीला अडते, उघडत नाही. म्हणून मला बंद करण्याआधी तो वरचा बुरूज फिरवून तोफ बाजूला न्यायचा आणि नखाने झाकण उघडून बघायचा. ही सवय त्याने एक दिवसही चुकवली नाही.

एका प्रदर्शनात माझी फार वाहवा झाली. वाळूचा ढीग चढलो, धूर सोडला, टाळ्या घेतल्या. परीक्षक म्हणाले, "तोफ सरळ ठेवा की, रुबाबदार दिसेल."

"असू द्या तशीच," तो म्हणाला.

तेवढ्यात एक म्हातारी बाई आली. माझा टर्नर तरुणपणी फौजेत रणगाड्याची तोफ चालवायचा आणि युद्धात तिचा भाऊ त्याच रणगाड्याचा चालक होता. तिने झाकणावर बोट ठेवले.

"दादा, हे उघडतं?"

"उघडतं ताई."

"मग माझा भाऊ का नाही हो बाहेर आला?"

त्याने रिमोट खाली ठेवला. "गोळा लागला तेव्हाच गेला तो. त्याला कळलंसुद्धा नाही."

"बरं झालं," ती डोळे पुसत म्हणाली. "तेवढंच समाधान."

दुसऱ्या दिवशी मला पुसताना तो एकटाच बोलू लागला. "खोटं बोललो रे मी. तो आतून झाकण ठोकत होता. वीज गेली होती, तोफ त्याच्या डोक्यावर अडकली होती. बुरूज फिरवायचं हाताचं चाक होतं माझ्याजवळ. चार फेरे दिले असते तर सुटला असता. आग बघितली आणि मी उडी मारली."

तिला खरे सांगायचे त्याने ठरवले. फोन उचलायचा, अर्धा नंबर फिरवायचा आणि ठेवून द्यायचा. "रविवारी सांगतो," म्हणायचा. कितीतरी रविवार आले नि गेले. मग एके दिवशी तोच गेला.

लेकीने मला कपाटावर ठेवले. छान दिसतो म्हणून तोफ सरळ समोर केली. बिचारीला काय ठाऊक! सेल आतच राहिले. ते गळले, तारा हिरव्या पडल्या, बुरूज जागीच जखडला. मला फार वाईट वाटायचे, पण मला बोलता कुठे येते?

दोन वर्षांनी ती बाई भेटायला आली. "मावशी, बाबांची आठवण म्हणून हा न्या," लेक म्हणाली.

घरी नेऊन तिने मला मायेने पुसले आणि झाकणाला नख लावले. उघडेना. "त्या दिवशी तर उघडत होतं," ती पुटपुटली. पुन्हा जोर केला. झाकण नळीवर आपटले. टक्. टक्. तिचे बोट झाकणावरून वर नळीपर्यंत गेले आणि तिथेच थांबले.

"म्हणून नाही आला माझा भाऊ बाहेर. आणि तोफ तर दादांच्या हातात होती," ती म्हणाली. आता ही मला भिरकावणार, असे मला वाटले. पण तिने दोन्ही हातांनी तोफ धरली आणि सारी ताकद लावून फिरवली. आत दातेरी चाकाचा एक दाता मोडला, मला कळ आली, पण तोफ बाजूला झाली. तिने झाकण उघडले.

"सांगायचं होतं हो दादा," ती रडत म्हणाली. "दोघं मिळून रडलो असतो."

मित्रांनो, खेळणी ठेवून देताना सेल काढत जा. आणि कुणाला काही सांगायचे असेल तर रविवारची वाट बघू नका.

माझे झाकण आता उघडेच असते. रोज धूळ पुसताना ती वाकून आत बघते. आत कोणी नाही.