मावशींच्या नावावर माझा अंगठा

हजेरीचं मशीन आलं आणि इस्पितळाच्या धुलाईखान्यातल्या मावशींची पंचाईत झाली. तीस वर्षं चादरी धुऊन अंगठ्यावरच्या रेषा पार पुसल्या होत्या, मशीन त्यांना ओळखीचना. रोज खाडा पडू लागला. मी हजेरीचा कारकून. शक्कल लढवली आणि त्यांच्या नावावर माझा डावा अंगठा नोंदवून टाकला. राबणारी बाई मशीनला दिसत नव्हती आणि मी मात्र एकटाच दोन माणसं झालो होतो. याचं आम्हा दोघांना कोण हसू यायचं!

मग रोज आल्या आल्या उजवा माझ्यासाठी, डावा मावशींसाठी. त्या खरंच आल्यात का, हे बघणं कधी सुटलं ते कळलंच नाही.

एका मंगळवारी दहाच्या सुमारास त्यांच्या मुलीचा सासरहून फोन आला. "दादा, आई पोचली का? फोन उचलत नाहीये."

पडद्यावर पाहिलं. सात अठ्ठावन्न, हजर.

"पोचली की. कामात असेल."

धुलाईखाना माझ्या टेबलापासून वीस पावलांवर. पण उठतंय कोण?

मावशी सकाळपासून घरी न्हाणीत पडल्या होत्या, अर्धांगाचा झटका येऊन. संध्याकाळी शेजारणीनं दार फोडायला लावलं. डॉक्टर म्हणाले, सकाळी आणलं असतं तर हात वाचला असता. मुलीला मी सांगितलं, मशीन बिघडलं होतं. साफ खोटं. त्या बिचाऱ्यानं तर माझा अंगठा बरोबर ओळखला होता.

आठ महिन्यांनी मावशी नोकरी सोडल्याचे कागद करायला आल्या, मुलीच्या आधारानं. डाव्या हातानं लुळा उजवा हात उचलून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला.

"बघा तरी भाऊ, साबण सुटला आणि रेषा परत आल्या!"

खरंच आल्या होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चल, शेवटची हजेरी लाव," म्हणत मुलीनं आईचा अंगठा मशीनवर टेकवला. लाल दिवा. पुन्हा टेकवला. पुन्हा लाल.

"रेषा आहेत की. मग घेत का नाही?"

"अगं, माझं ते कधी घेतच नाही," मावशी हसल्या. "पहिल्यापासून भाऊच लावतात माझ्या वतीनं. देवमाणूस आहेत."

मुलगी मशीनकडे बघत राहिली. मग माझ्याकडे.

"त्या मंगळवारीसुद्धा?"

मावशी अजून हसतच होत्या. मी डावा अंगठा मुठीत दाबला आणि हो म्हणालो.