कुठला उद्या?

मिसरूड फुटल्यापासून मी सोलापुरात पेपर टाकतोय. पेपरचे दिवस संपले म्हणणाऱ्यांची मला चीड येते. सांगतात तेही मोबाईलमध्ये डोकं घालून.

अशोक चौकामागच्या गल्लीत माझं एकच गिऱ्हाईक उरलं होतं, धनलक्ष्मीअक्का. एका सकाळी त्यांनीही ओट्यावरूनच सांगितलं की मोबाईलवर सगळं फुकट येतं, पेपर बंद करा. माझं डोकं फिरलं. हे घर गेलं की ती गल्लीच माझ्या हातून सुटणार होती. मी म्हटलं, महिना संपेपर्यंत टाकतो, वाचा नाहीतर वाचू नका.

त्याच आठवड्यात त्यांच्या मुलीला, श्रावणीला बघायला अकलूजहून पाहुणे यायचे होते. आदल्या दिवशी दुपारी गल्लीच्या ग्रुपवर बातमी आली, 'उद्या पहाटे पाणी.' ताजं पाणी येणार म्हटल्यावर शिळं कोण ठेवतंय? अक्कांनी चादरी धुतल्या, अंगण धुतलं, उरलेलं बॅरल ओतून दिलं. पहाटे नळ कोरडा. बातमी गेल्या वर्षीची होती, कुणीतरी तारीख कापून पुढं पाठवलेली. पाणी एक दिवस उशिरा येणार, हे आदल्या सकाळच्या माझ्या पेपरात पहिल्याच पानावर होतं. पेपर घडीसकट दारात पडून होता.

मी पोचलो तेव्हा अक्का रिकामी घागर धरून रडकुंडीला आल्या होत्या. मला आधी बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू? पण त्यांचा चेहरा बघवेना. सायकलला घागरी अडकवून चौकातल्या हापशावरून पाणी आणून दिलं. पाहुण्यांचा चहा तरी झाला.

"अक्का, आमच्या उद्याच्या डोक्यावर तारीख असती," मी एवढंच म्हणालो.

पेपर चालू राहिला. पण पाण्याच्या पुढच्या पाळीला बघतो, तर अक्का पाण्याच्या बातमीचा फोटो काढून ग्रुपवर टाकताहेत. अख्ख्या गल्लीला फुकट! मी तोंड उघडणार, तेवढ्यात समोरच्या विरेशनं मोबाईल बघत विचारलं, हे तरी खरं का तसलंच?

अक्कांनी मानसुद्धा वर केली नाही.

"पेपरात आलंय की."

विरेशनं मोबाईल खिशात घातला नि बॅरल धुवायला घेतलं. माझा राग तिथंच गेला. खप एकच आहे, असू दे. त्या गल्लीत मोबाईल अजून माझ्या पेपरापुढं पाणी भरतो.