मानेवरचा हात

वाळवंटातल्या सीमाचौकीवर एका नियमातून कुणाचीच सुटका नव्हती. थोड्या थोड्या वेळाने जोडीदाराच्या मानेवर हात ठेवायचा. हात घामाने ओला झाला तर ठीक. कोरडा राहिला तर लगेच वायरलेसवर कळवायचं, कारण ऊन ज्याला लागतं त्याला स्वतःला ते कळत नाही.

डोंगरातल्या थंडीतून बदलून आलेल्या नव्या शिपायाला सगळे बर्फ्या म्हणत. त्याचे जोडीदार मामा, वाळवंटातच केस पिकवलेले हवालदार. नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. पहिल्या दिवसापासून ते बर्फ्याची मान चाचपायचे आणि वितळतोयस का रे, म्हणून हसायचे. स्वतःच्या मानेला मात्र हात लावू द्यायचे नाहीत. मामांना काय होतंय, असं सगळेच धरून चालले होते. बर्फ्यानेही कानाडोळा केला, तिथेच चुकलं.

त्या दुपारी पत्र्याखाली अंगाची लाही लाही होत होती. मामांनी दुर्बीण उलटी धरली. बर्फ्याला आधी थट्टाच वाटली. मग ते त्याला धाकटा भाऊ समजून घरचं विचारायला लागले तेव्हा ही थट्टा नाही हे त्याला कळलं. मान दाखवा म्हटल्यावर मामा खेकसले. बर्फ्याने तरीही हात लावलाच. मान तव्यासारखी तापलेली, आणि कोरडीठाक.

त्याने वायरलेस उचलला तसं मामांनी त्याचं मनगट धरलं. "कळवू नकोस. अनफिट ठरवतील मला. घरी बसवतील."

"बसवू देत. घरी जिवंत तरी बसाल."

त्याने मनगट सोडवून कळवलं. तळावरून मदतीची गाडी निघाली, पण वाट वाळूची, वेळ लागणार होता. चौकीत प्यायच्या पाण्याचा एकच कॅन उरला होता. बर्फ्याने मामांना आडवं केलं, शर्टाची बटणं तोडली आणि अख्खा कॅन त्यांच्या अंगावर रिकामा केला. मग पुठ्ठ्याने वारा घालत बसला. त्याची जीभ टाळूला चिकटली होती. आता आपण पडलो तर दोघंही गेलो, हे त्याला दिसत होतं, पण त्याने पुठ्ठा थांबवला नाही.

गाडीची घरघर ऐकू आली तेव्हा मामांचे डोळे अर्धवट मिटलेले होते. त्यांचा हात हवेत काहीतरी शोधत वर आला. बर्फ्या खाली वाकला. बोटं त्याच्या मानेवर टेकली.

"ओली आहे," मामा पुटपुटले. "ठीक आहेस तू."