पिनेचं भोक मिरवणारा पडदा

मी पडदा बोलतोय. दारावर लटकून माशा अडवणारा नव्हे आणि नाटकात अंकाअंकाला पडणाराही नव्हे. मी सिनेमाचा पडदा आहे, आणि तोही हाताने काढलेली चित्रं ज्यात धावतात, आपटतात आणि आपटून पुन्हा उठतात त्या सिनेमाचा. तुम्ही सगळे माझ्याकडे बघत बसता. तुमच्याकडे बघणारा मात्र मी एकटाच असतो. माणूस हसताना कसा दिसतो हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नसेल. गर्व म्हणा हवं तर, मला चालेल.

माझा जन्म घुग्घुसचा, बाबूभाई टेलरच्या दुकानातला. शाळेच्या शर्टांसाठी आणलेल्या पांढऱ्या ताग्यातून बाबूभाईंनी मला कापलं, चार पट्टे जोडले आणि शिवण अशी घातली की चित्र पडल्यावर जोड शोधून सापडू नये. कडेने दोरीसाठी पितळी रिंगा ठोकल्या. घुग्घुसात पांढरं राहणं म्हणजे सोपं काम नाही. कोळशाचे ट्रक दिवसभर धूळ उडवत जातात, आणि दोरीवरचा कपडा वाळेपर्यंत करडा होतो. बाबूभाईंची बायको सुरय्या मला घरातच वाळवायची, वर चार थेंब नीळ जास्त घालायची. असले लाड गणवेशाच्या शर्टांच्या नशिबी कुठले!

हे सगळं बाबूभाईंची मुलगी अदीबा हिच्यासाठी. ती दोन वर्षं नागपुरात दुसऱ्यांच्या कार्टूनमधलं आभाळ रंगवत होती. कंटाळून घरी आली आणि म्हणाली, "अब्बा, मले एक साल द्या. मी असा सिनेमा बनवते का छोटं पोट्टं आन त्याची आजी, दोघंबी संगच हसली पाहिजे."

बाबूभाईंनी हातातला शर्ट मापून संपवला, फीत गळ्यात अडकवली. मग म्हणाले, "दिलं. पण ईदपर्यंत. नाई जमलं त ट्रान्सपोर्टवाल्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायचं. मी बोलून ठेवलं हाय."

अदीबा कामाला लागली. खालून उजेड टाकलेल्या काचेवर कागद ठेवायचा आणि चित्र काढायचं. एका सेकंदाला बारा चित्रं. तुम्ही डोळा मिटून उघडता तेवढ्यात तिची तीन-चार चित्रं निघून जातात! मधून मधून ती थोडा थोडा सिनेमा माझ्यावर टाकायची आणि गल्लीतल्या लोकांना बसवायची. तेव्हा मला हसण्याचं शास्त्र कळलं. माणूस धपकन पडला की पोरं हसतात. मोठी माणसं तेव्हा हसत नाहीत. पडलेला माणूस उठून "मी पडलोच नव्हतो" असा चेहरा करतो, तेव्हा ती हसतात. बायका पदर किंवा ओढणी तोंडावर घेऊन हसतात. खाणीतून पाळी संपवून आलेले बाप्ये आधी शेजारचा हसतो का ते बघतात, मगच हसतात. आणि विचारलं तर प्रत्येक जण म्हणतो, "मी त पोट्ट्याले घेऊन आलतो." खोटं! पोरगं केव्हाच झोपलेलं असतं.

सिनेमा आठ मिनिटांचा झाला. त्यात बोलणं अजिबात नाही, कारण अदीबाचं म्हणणं, हसायला भाषा कशाला लागते? गोमाजी नावाचा एक लंबूटांग माणूस जंगलात मोहाची फुलं आणायला जातो आणि तिथे अस्वल येतं, एवढीच गोष्ट.

जानेवारीत धानोऱ्याकडच्या जंगलातल्या एका गावच्या शाळेने स्नेहसंमेलनाचे कपडे बाबूभाईंकडे शिवायला दिले होते. तिथले धनराज गुरुजी फोनवर म्हणाले, "कपडे आनता त पोरीचा सिनेमाबी घेऊन या ना भाऊ." आम्ही निघालो. शाळेशेजारच्या धानाच्या गोदामात भर दुपारी फटींना पोती लावून अंधार केला. पाऊणशे माणसं पोत्यांवर बसली. अदीबा प्रोजेक्टरची वायर तिसऱ्यांदा तपासत होती, आणि मी दोऱ्यांवर टांगलेला होतो.

गोमाजी आला. टोपली घेऊन झाडावर चढला. फांदीवरची फुलं एकेक करून तोडायला लागला.

आणि गोदाम फुटलं! असं हसू मी जन्मात ऐकलं नव्हतं. पण क्षणभरात माझ्या ध्यानात आलं, की ही जागा हसायची नाही. अस्वल तर अजून यायचंच होतं.

रुखमाबाई नावाची साठीची बाई नात दिव्यानीला मांडीवर घेऊन पुढेच बसली होती. ती मोठ्याने म्हणाली, "अवो पोरी, मोह कोनी झाडावून तोडते का? मोह त आपूनच गळते सकारी! खाली वेचा लागते!"

अदीबाने मोह पाहिला होता तो बाजारातल्या ढिगात, वाळलेला. ते फूल पहाटे आपणहून गळतं हे घुग्घुसच्या पोरीला कोण सांगणार? रुखमाबाई तेवढ्यावर थांबली नाही. उठून माझ्यासमोर आली, एक हात कमरेवर ठेवून वाकली आणि दुसऱ्या हाताने फुलं कशी वेचायची ते करून दाखवायला लागली. तिची सावली माझ्यावर पडली: वाकलेली पाठ, भराभर चालणारा हात, आणि दर चार फुलांनी कमर सरळ करून सोडलेला सुस्कारा. लोक पुन्हा हसले. त्यानंतर अस्वल आलं काय नि गेलं काय, कुणी बघितलंच नाही. सगळे मोहाच्या गप्पांत रंगले.

मला घडी करताना अदीबाने माझ्या कोपऱ्यानेच डोळे पुसले. काजळाचा तो डाग अजून आहे.

गाडीत बाबूभाई म्हणाले, "हसले ना लोक?"

"माझ्यावर हसले, अब्बा. सिनेमावर नाई. नोकरीचं सांगून द्या त्यायले."

"ईद आली का अजून?" बाबूभाईंनी विचारलं. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "शर्ट चुकला त मी फेकत नाई, बेटा. उसवतो. कपडा तोच ऱ्हायते."

दुसऱ्या दिवशी अदीबाने काच पुसली. गोमाजीला तिने झाडावरून उतरवलंच नाही! चूक तशीच ठेवली, फक्त ती आता गोमाजीची झाली. तो शहाणा वर फांदीला लोंबकळून फुलं तोडतोय, आणि खाली अस्वल निवांत गळलेली फुलं वेचतंय. चाळीस सेकंदांची चारशे ऐंशी चित्रं पाच आठवड्यांत झाली. अस्वल वेचायचं कसं? एक हात कमरेवर ठेवून. ही पाठ मी ओळखत होतो.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मोहाचा हंगाम होता आणि रमजान चालू होता. रमजानात टेलर दुकान सोडून जातो, असं कुणी ऐकलंय? ईदच्या कपड्यांचे ढीग पडलेले, गिऱ्हाईकं दारात उभी. बाबूभाईंनी मशीन कापडाने झाकून ठेवलं आणि रोजा असताना गाडीत बसले. म्हणाले, "पडदा टांगाले मानूस लागते."

तेच गोदाम, तीच पोती. बायका पहाटेपासून मोह वेचून आलेल्या. हातांना मोहाचा गोड, उग्र वास. गोमाजी झाडावर चढला. "पुन्हा चढला गा हा!" मागून कुणीतरी ओरडलं आणि हसू सुरू झालं. मग अस्वल आलं. एक हात कमरेवर ठेवून वाकलं. चार फुलं वेचली, कमर सरळ केली, सुस्कारा सोडला, वर गोमाजीकडे पाहिलं, मान हलवली आणि पुन्हा कामाला लागलं.

गोदाम चिडीचूप झालं. सगळ्यांच्या माना रुखमाबाईकडे वळल्या. म्हातारी उठून उभी राहिली. अदीबाचा चेहरा पांढराफटक पडला. बाईला अस्वल केलं होतं तिने, भरल्या गावात!

"बंद करू का?" अदीबा कुजबुजली.

बाबूभाईंनी तिचा हात धरून ठेवला. "ऱ्हाऊ दे."

दिव्यानी पडद्याकडे बोट दाखवून ओरडली, "आजी, हे त तूच होय वो!"

"मीच होय!" रुखमाबाई म्हणाली आणि जी हसली! कमरेवर हात ठेवून हसली, नात तिच्या लुगड्याला धरून हसली, आणि मागे अख्खं गोदाम हसत सुटलं. नात गोमाजीच्या लोंबकळण्यावर हसत होती, आजी त्या सुस्काऱ्यावर. पण दोघी हसत होत्या एकाच क्षणी. मी समोरून पाहिलं. मी साक्षीदार आहे.

आमच्या झाडीपट्टीत, या जंगलाच्या मुलखात, नाटकातला नट आवडला की लोक उठून बक्षीस देतात, नोट त्याच्या अंगाला टाचतात. रुखमाबाईने कनवटीची दहाची नोट काढली, बांगडीतली पिन काढली, माझ्याजवळ आली आणि अस्वलाच्या छातीवर, म्हणजे माझ्या छातीवर, नोट टाचली. दुखलं का? छे! ती पिन टोचली तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा ताठ उभा राहिलो, त्याआधी नुसता टांगलेला होतो. उरलेला सगळा सिनेमा त्या नोटेवरूनच चालला.

परतीच्या वाटेवर बाबूभाईंनी खजूर तोंडात टाकून रोजा सोडला आणि लगेच ट्रान्सपोर्टवाल्याला फोन लावला. "भाऊ, पोरगी नोकरीले येत नाई. तिले काम हाय." मग खिडकीकडे तोंड करून हसत होते. मागे घडी होऊन पडलो होतो, तरी मला कळलं.

आता मी धानोऱ्यापासून पोंभुर्ण्यापर्यंत गावोगाव फिरतो. थोडा पिवळा पडलोय, एक रिंग निखळलीय. मागच्या महिन्यात सुरय्या सुई-दोरा घेऊन ते पिनेचं भोक रफू करायला बसली. बाबूभाईंनी तिच्या हातातून मला काढून घेतलं. ज्या माणसाने चाळीस वर्षांत कपड्याला एक भोक राहू दिलं नाही, तो म्हणाला, "हे नाई शिवायचं."

म्हणून तुमच्या गावी आलो, तर शेजाऱ्याकडे बघत बसू नका. हसू आलं की हसा. आणि अस्वल सुस्कारा सोडेल तेव्हा त्याच्या छातीकडे नीट बघा. तिथे तुम्हाला एक बारीक काळा ठिपका दिसेल, तिथून उजेड आरपार जातो. ते माझं बक्षीस आहे.