सुमतीने न माळलेला मोगरा

मी मोगरा बोलतोय. नाक पुढे करू नका, आधी कान द्या. माझ्याजवळ येणारा प्रत्येक जण डोळे मिटून श्वास ओढतो, "अहाहा" म्हणतो आणि चालू लागतो. एकतीस वर्षं मी ते "अहाहा" ऐकतोय. आता पुरे झालं.

माझा जन्म खाप्याचा. तिथे शोभाताईंच्या माहेरी माझी आई होती, गोल टपोऱ्या फुलांचा बटमोगरा. तिची एक फांदी वाकवून मातीत दाबली, वर वीट ठेवली. मला मुळं फुटली तशी शोभाताईंनी विळ्याने मला आईपासून तोडलं. याला दाब कलम म्हणतात. पिशवीत घालून एसटीने मला नागपूरला आणलं आणि मानेवाड्याच्या एका नव्या लेआउटमध्ये, गिरिधर आणि सुमती या नव्या जोडप्याच्या दारात लावलं. शोभाताई त्या भागातल्या बाळंतिणींची मालिश करायच्या. "हे घे वं पोरी," त्या सुमतीला म्हणाल्या, "पुढच्या उन्हाळ्यात पाय. वेणीले पुरून उरतीन फुलं."

सुमतीच्या हाताला गुण होता. जानेवारीत तिने माझी छाटणी केली, पानं ओरबाडली, पाणी तोडलं. मला वाटलं, मारते की काय ही! पण शिवरात्र झाली आणि बुडाशी शेणखत पडलं, पोटभर पाणी मिळालं. ताण दिल्याशिवाय मोगरा फुलत नाही, हे तिला ठाऊक होतं.

मे महिन्यात माझा पहिला बहर आला. त्याच आठवड्यात सुमतीला मुलगी झाली आणि दुसऱ्याच दिवशी ते बाळ गेलं. सुमती दवाखान्यातून रिकाम्या हातांनी परतली. तिसऱ्या दिवशी तिला दूध उतरलं. दुधाला कोणी सांगितलं नव्हतं.

सकाळीच शोभाताई आल्या आणि माझी झाडून सगळी फुलं त्यांनी ओच्यात खुडली. "रडू नको वं माय. हे आटवा लागते, नाही त गाठी होतात, ताप चढते." ती फुलं त्यांनी सुमतीच्या छातीवर फडक्याने घट्ट बांधली. सकाळ-संध्याकाळ ताजी फुलं. चार दिवसांत दूध आटलं. माझा हा गुण जुन्या बायांना माहीत असतो. पहिला बहर वेणीत माळायचा असतो, देवाला वाहायचा असतो. माझा असा गेला.

"हा विषय आता घरात नको," गिरिधर म्हणाला. दुष्टपणाने नाही, तो घाबरला होता. विषय बंद झाला. दोन वर्षांनी उन्मेष झाला, त्यालाही कधी कोणी सांगितलं नाही. सुमती माझी निगा राखत राहिली, कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणीसुद्धा मलाच घालायची. पण एकही फूल तिने कधी तोडलं नाही. "वासाने माझं डोकं दुखतं," असं सगळ्यांना सांगायची. मग फुलं शेजारीपाजारी न्यायचे. माठात टाकायला, घामोळ्या झाल्या की अंघोळीच्या पाण्यात घालायला. गळवावर वाटून बांधायला पाला न्यायचे. तोंड आलं की मात्र जाईचा पाला चघळतात, तो मान तिचा.

आता पुढचं माना, नका मानू. मुलगी गेली त्यानंतरच्या उन्हाळ्यापासून, भर दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना आणि वारा पडलेला असताना, माझी अगदी खालची फांदी कोणीतरी ओढायचं. रांगत्या मुलाचा हात पोचेल तेवढ्या उंचीवरची. पुढच्या वर्षी जरा वरची. मग तिच्याही वरची. फुलं तुटायची नाहीत, नुसती चाचपली जायची. मी फार घाबरायचो, मग सवय झाली. अशी ती फांदी फांदी करत माझ्या शेंड्यापर्यंत वाढली. सुमतीला हे दिसायचं का, मला माहीत नाही. पण उन्हाळ्यात ती दुपारी कधी झोपली नाही. खिडकीत बसून राहायची.

यंदा उन्मेषची बायको, सुरुची, सातव्या महिन्यातच बाळंत झाली. मुलगा झाला, सव्वा किलोचा. त्याला धंतोलीच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलं आणि सुरुचीला घरी सोडलं. ती दर तीन तासांनी दूध काढायची आणि उन्मेष बर्फाच्या डब्यातून ते घेऊन जायचा. नळीने थेंब थेंब त्याच्या पोटात जायचं. "हेच त्याचं औषध," डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

आठव्या दिवशी सुरुचीची छाती दगडासारखी झाली. ठणका, कणकण. सकाळी सुमती आणि उन्मेष दवाखान्यात गेले होते. सुरुचीने फोनवर कोण्या बाईचा व्हिडिओ पाहिला: मोगऱ्याची फुलं बांधा, ठणका जातो. ठणका जातो हे खरंच आहे. सोबत काय जातं, ते त्या बाईने सांगितलं नाही.

सुरुची टोपली घेऊन माझ्याकडे आली. मी काय करणार? मला काटे नाहीत. गुलाबाचा हेवा मला त्या सकाळी आयुष्यात पहिल्यांदा वाटला. तेवढ्यात माझी एकेक फांदी मागे खेचली जाऊ लागली. वारा नव्हता. एरवी हात लागताच गळणारी फुलं देठाला धरून बसली. "काय झालं या झाडाला? तुटूनच नाही राहिली फुलं," सुरुची वैतागली आणि तिने जोर लावला. जिवंत माणसाच्या हातात जोर जास्त असतो. टोपली भरली.

सासूला वास सोसत नाही, म्हणून तिने सुमतीला काही सांगितलं नाही. खोलीचं दार लावून घेतलं आणि फुलं बांधली. दुसऱ्या दिवशीही बांधली. ठणका बसला. दूध अर्ध्या बाटलीवरून तळाशी आलं. घरचे म्हणाले, काळजीने होतं असं.

तिसऱ्या दिवशी धुण्याच्या बादलीत सुमतीला तपकिरी पडलेली फुलं सापडली. ती तशीच धावत सुरुचीच्या खोलीत गेली.

"सुरुची, कधीपासून बांधून राहिली तू हे?"

"परवापासून. काहून? काय झालं, आई?"

"दूध आटतं अगं याने!" सुमतीने फडक्याची गाठ सोडली. "माझं आटवलं होतं. उन्मेषच्या आधी मला एक मुलगी झाली होती."

सुरुचीने सुटलेलं फडकं बाजूला टाकलं. मग म्हणाली, "एकतीस वर्षं हे झाड दारात आहे. एकदा तरी सांगायचं होतं, आई."

सुमतीने खाप्याला फोन लावला, म्हातारपणी माहेरी परतलेल्या शोभाताईंना. त्या आता खूप थकल्यात, पण आवाज तोच. "फेक वं ते आधी. दर दोन तासाले काढत राय म्हन सुनेले, थेंब येवो न येवो. लेकराचं दुपटं नाकाशी धरून बसव तिले, त्या वासानं पान्हा येते."

त्या संध्याकाळी सुमती कुदळ घेऊन माझ्याकडे आली. पहिल्याच घावाला माझं एक मूळ तुटलं. मी मनात म्हटलं, बरं झालं, सुटलो. पण सुरुची बाहेर आली. "झाडाला येतं तेच त्याने केलं. तुम्ही आत चला. मला एकटीला भीती वाटून राहिली." सुमतीने कुदळ खाली ठेवली.

पुढचे चार दिवस फार वाईट गेले. दवाखान्यात साठवलेलं दूध संपत आलं, बाळाचं वजन उतरलं. दर दोन तासांनी सासू-सून समोरासमोर बसायच्या, मध्ये कोरडी बाटली. आणि सुमती बोलायची. मुलीचं जावळ किती दाट होतं, मुठी कशा आवळलेल्या होत्या, परिचारिकेने तिला एकदाच कसं हातात दिलं होतं. एकतीस वर्षांचं साठलेलं. खिडकी माझ्याकडेच उघडते, मी शब्दन् शब्द ऐकला. त्या चारही दुपारी माझी एकही फांदी हलली नाही. माझ्यासोबत आणखी कोणीतरी ऐकत असावं.

पाचव्या दिवशी बाटलीचा तळ भिजला. सुरुची रडली, सुमती रडली, गिरिधर दाराआड उभा राहून रडला. नंतर हळूहळू पान्हा फुटला. महिन्याभराने बाळ घरी आलं. आता पठ्ठ्या असा ओढतो की विचारू नका, तरी दूध उरतं.

तुम्हाला माझी एकच विनवणी आहे. कोणाला माझं कलम दिलंत, तर मी काय काय करतो तेही सांगा. वास आपोआप कळतो, बाकीचं माणसांनी माणसांना सांगावं लागतं.

आईचं उरलेलं दूध मोरीत टाकत नाहीत, पायदळी येतं म्हणून. झाडाच्या बुडाशी ओततात. काल दुपारी बाळ झोपल्यावर सुरुची वाटी घेऊन बाहेर आली. मागे सुमती होती. सुरुचीने वाटी तिच्या हातात दिली.

"तुम्ही ओता, आई. तिच्या वाटणीचं आहे."

सुमती खाली बसली आणि तिने ते हळूहळू ओतलं. मी वाट पाहत होतो. मातीवर पांढरा डाग पडला, पसरला आणि बघता बघता दिसेनासा झाला. ते दूध माझ्या मुळांपर्यंत आलंच नाही.