डाव्या बाजूचा मोर

मी एक जुना लाकडी माळढोक आहे. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकतो, कारण शाळेच्या व्हरांड्यात मला पाहून तुम्ही पुन्हा ‘मोर, मोर’ म्हणाल आणि माझं डोकं पुन्हा तापेल. ते लाकडाचं असलं तरी तापतं.

मला घडवलं केडगावच्या आमोस भिंगारदिवे यांनी. पुणे रस्त्याला त्यांचं सुतारकामाचं दुकान आहे. पोटासाठी ते दारं, खिडक्या आणि चर्चचे बाक करतात, आणि मनासाठी पशुपक्षी कोरतात. त्यांचा ससा, त्यांचं काळवीट, त्यांची घोरपड लोकांनी हौसेने घरी नेली. मला मात्र त्यांनी स्वतःसाठी घडवलं. लहानपणी श्रीगोंद्याकडच्या आपल्या गावच्या माळावर त्यांनी माळढोक पाहिला होता. पुढे माळ नांगरला गेला, ऊस आला आणि तो पक्षी दिसेनासा झाला. डोळ्यांत राहिलेला तो पक्षी हातात उतरायला त्यांचं म्हातारपण उजाडलं.

माझी पाठ सागवानाची, मान पांढुरक्या शिवणीची आणि डोक्यावरची काळी टोपी शिसवाची. तिन्ही लाकडं अशी बेमालूम जोडली आहेत की सांधा नखाला लागत नाही. पाठीवरच्या पिसांची एकेक रेघ बारीक कोरणीने ओढलेली. अंगावर रंगाचा एक थेंब नव्हता. जो काही रंग होता तो झाडांनी दिलेला होता. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवणार नाही.

पुण्याच्या प्रदर्शनात मला पहिलं बक्षीस मिळालं. त्याची ढाल दुकानात खिळ्याला टांगलेली आहे. पण तुमच्या हातून झालेलं सर्वांत मोठं काम कोणतं, असं कोणी विचारलं तर आमोस त्या ढालीकडे बघतही नाहीत. ते झुंबरबाईंची गोष्ट सांगतात. झुंबरबाई त्यांच्याच गावच्या, जन्मभर माळावर शेळ्या राखलेल्या. खाटेचे पाय करून घ्यायला त्या एकदा दुकानात आल्या, त्या मोठमोठ्याने बोलतच. मी भुशाच्या ढिगाशेजारी उभा होतो. त्यांची नजर माझ्यावर गेली आणि आवाज एकदम खाली आला. आमोसांचा हात धरून त्या त्यांच्या कानाशी म्हणाल्या, “हळू बोल रं आमोस. उडंल त्यो.”

अशी शाबासकी पुन्हा मिळायची नाही, असं आमोस म्हणतात. त्याच आनंदात त्यांनी मला आपल्या त्या गावच्या शाळेला देऊन टाकलं. पोरांना आपल्या माळाचा पक्षी ओळखू यावा, एवढीच इच्छा. शाळेने मला लाकडी चौथऱ्यावर ठोकून उभं केलं, खाली नावाची पाटी लावली. काही दिवस बरे गेले. मग पाटी पडली ती पडलीच. माझ्या चोचीला दप्तरं लटकू लागली, मानेवर ओली फडकी वाळू लागली. तेही मी सोसलं. पोरं ती पोरंच.

मग कोणी मोठे पाहुणे येणार असं ठरलं. शाळा समितीचे अध्यक्ष छगनराव माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले की हा फारच उदास दिसतो, गिधाडासारखा. भिंतीवर चित्रं काढणाऱ्या पेंटरकडे ऑइलपेंट उरला होता. त्याने माझी मान निळी केली, पाठ हिरवी केली, वर पिवळे डोळे काढले. आमोसांनी ओढलेली रेघ न् रेघ बुजली. एवढ्यावर भागलं नाही. पत्र्याचा तुरा कापून माझ्या शिसवी डोक्यात खिळ्यांनी ठोकला. मित्रांनो, मला ओरडता येत नाही. येत असतं तर त्या दिवशी सगळी शाळा दप्तरं टाकून पळाली असती.

कार्यक्रमाच्या सकाळी आमोस आले. त्यांचाही सत्कार होता, म्हणून इस्त्रीचा सदरा घातला होता. मला पाहून ते जागच्या जागी थांबले. आता शिव्या देतील असं मला वाटलं. पण त्यांनी तुरा उपटून फेकला, फुटक्या काचेचा तुकडा शोधला, बाह्या सारल्या आणि खाली बसून माझी उजवी बाजू खरवडायला घेतली. रंग रेघांत शिरला होता. तो काढायचा तर रेघही झिजणार होती. आपलंच काम ते आपल्याच हाताने झिजवत होते. इतका राग मला कधी आला नव्हता.

छगनराव धावत आले. पाहुण्यांची गाडी फाट्यावर पोचली होती.

“आमोसमामा, मोर पोरांना कळतो,” ते म्हणाले. “ह्यो पक्षी कुनाला म्हाईत हाय?”

“म्हाईत न्हाई, म्हनूनच दिला हुता.”

निदान चौथरा फिरवून निळी बाजू तरी मंडपाकडे करू द्या, अशी छगनरावांनी गळ घातली. उजवी बाजू तेवढी मोकळी झाली होती. आमोसांनी काच खाली ठेवली.

“ह्या बाजूनं मी केलाय, त्या बाजूनं तुमी,” ते म्हणाले. “आता असाच ऱ्हाऊ द्या. लोकांना दिसू द्या.”

शाल त्यांनी घेतली नाही. लाऊडस्पीकर लागला, टाळ्या झाल्या, फटाके फुटले. ते माझ्याजवळच उभे राहिले. तेवढ्यात नातवाला घेऊन झुंबरबाई आल्या. निळ्या बाजूने त्या बडबडत निघून चालल्या होत्या. वळसा घालून उजवीकडे आल्या आणि गप्प झाल्या.

“एवढ्या गलक्यात बी थांबलाय त्यो,” त्या हलक्या आवाजात आमोसांना म्हणाल्या. “उडाला न्हाई.”

झुंबरबाई, मी थांबलो कारण मला चौथऱ्याला ठोकलेलं आहे. ज्यांना खरे पंख होते ते तुमच्या माळावरून केव्हाच गेले. त्यांना जाताना कोणी अडवलं नाही आणि कोणी विचारलंही नाही.

म्हणून मित्रांनो, माझं एक ऐका. तुमच्या बांधावर, तुमच्या माळावर अजून जे कोणी उरलं असेल, त्याचं नाव आधी विचारून घ्या. त्याला सजवायची घाई करू नका. माझी डावी बाजू अजून निळीच आहे. ती बघायला खुशाल या. उजवीकडे याल तेव्हा मात्र हळू बोला.