आधी आलेला हशा

माझे बाबा विनोदी नाटकं लिहायचे, आणि आमच्या घरात सगळ्यात कमी कोणी हसत असेल तर तेच. प्रयोग चालू असला की ते विंगेत खुर्ची टाकून, रंगमंचाकडे पाठ करून बसत. नाटक बघायचं नाही, फक्त प्रेक्षक ऐकायचे, हा त्यांचा शिरस्ता. ज्या वाक्याला हशा आला नाही ते दुसऱ्या दिवशी कापलेलं असे, मग ते म्हणणारी पोटची पोर का असेना.

त्या संध्याकाळी, नाटकातल्या बायकोचं सोंग घेऊन, मी पडद्याच्या फटीतून प्रेक्षागृह बघत होते. विनोदी नाटककारांवर जाडजूड पुस्तक लिहिणाऱ्या समीक्षक बाई तिसऱ्या रांगेत येऊन बसल्या होत्या. बाबांवरचं प्रकरण तेवढं लिहायचं राहिलं होतं. मागे एका लेखात त्यांनी म्हटलं होतं की या नाटककाराचे विनोद त्याच्याबरोबरच म्हातारे झाले. तो वाचून बाबा पानावरून अर्धपोटी उठले आणि मला म्हणाले, "त्या बाई येतील त्या प्रयोगाला लोक हसले नाहीत, तर माझं एकही नाटक पुन्हा लावायचं नाही. मी गेल्यावरही नाही. शब्द दे."

मी दिला. बाबांना दिलेला शब्द मोडायची आमच्यात कोणाची छाती नाही. आणि त्या नाटकांपलीकडे मला काही येत नाही. घरात चहासुद्धा नवराच करतो.

म्हणून मी एक शहाणपणा केला. आत्या, मामा, दोन्ही मावश्या, धाकटे दीर, सगळं गणगोत प्रेक्षागृहात इकडेतिकडे पेरून ठेवलं. "मनमोकळं हसा," एवढंच सांगितलं.

हसले की! पण या मंडळींनी ते नाटक आमच्या घरच्या तालमीत इतकं ऐकलेलं की तोंडपाठ. नाटकातले साहेब पायपुसण्यावरून घसरतात. ते अजून दाराबाहेरच होते, तोवर आत्याला हसू आवरेना. मामांनी तर माझं वाक्य सुरू व्हायच्या आत टाळ्या पिटल्या. खरे प्रेक्षक माना वळवून त्यांच्याकडे बघायला लागले.

मध्यंतराचा पडदा पडताच बाबांनी मला खुणेनं बोलावलं.

"माझ्या बहिणीला घरी पाठव."

"आत्या आलीये?" मी वेड घेऊन पेडगावला गेले.

"परका माणूस वाक्य संपल्यावर हसतो. घरचा आधीच हसतो. सगळ्यांना पाठव."

"बाबा, मग कोणीच हसणार नाही हो!"

"मग खरं काय ते कळेल."

आत्या फणकारली. "हसा म्हणालीस म्हणून हसलो. आता काय हसू परत नेऊ?" पण गेली. तिच्यामागे बाकीचेही गेले, आणि मधल्या रिकाम्या खुर्च्या पडलेल्या दातांसारख्या दिसू लागल्या.

दुसरा अंक सुरू झाला. एक विनोद गेला, दुसरा गेला, कोणी हूं की चूं नाही. समीक्षक बाई हाताची घडी घालून बसलेल्या. विंगेत बाबांची पाठ दिसत होती, मान खाली गेलेली. आता संपलं, मला वाटलं. हे सगळं मी शेवटचं म्हणतेय.

मग कपाटाचा प्रवेश आला. नाटकातल्या नवऱ्यानं परगावी गेल्याची थाप मारून कामावर दांडी मारलेली, त्याचे साहेब अचानक घरी टपकलेले, आणि तो कपाटात लपलेला. कपाट शिंकतं. यावर मी मोठ्या ऐटीत म्हणायचं, "आमच्या कपाटाला सर्दी झालीये."

कपाट शिंकलं. ऐट कुठली, आवाजच फुटेना. साहेब झालेला नट डोळे फाडून माझ्याकडे बघत राहिला. शेवटी हात जोडून, रडवेल्या आवाजात मी कसंबसं म्हटलं, "आमच्या… कपाटाला… सर्दी झालीये हो."

मग मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. त्याचं ऐकून शेजारचा हसला, आणि बघता बघता सगळं प्रेक्षागृह हसायला लागलं. परक्यांचा हशा होता, वाक्य संपल्यावर आलेला.

मी विंगेकडे पाहिलं. बाबांनी खुर्ची फिरवली होती. मला रंगमंचावर ते पहिल्यांदाच बघत होते, आणि खुर्चीचे हात त्यांनी घट्ट धरून ठेवले होते. शिरस्ता कसला! इतकी वर्षं त्यांना बघायचा धीरच झाला नव्हता.

प्रयोगानंतर बाई आत आल्या. "पहिला अंक मेलाय," त्या म्हणाल्या. "मी तसं लिहिणार. पण कपाटापुढची ती बायको एवढी घाबरलेली असते, हे मला वाचताना कधी दिसलंच नाही."

"मला दिसत होतं," बाबा म्हणाले. "मीच हिला ऐटीत म्हणायला लावलं. घाबरलेलं माणूस चारचौघांत कशाला दाखवायचं?"

बाई गेल्यावर त्यांनी माझा हात धरला. तो बर्फासारखा गार होता, आणि त्यांचाही.

"खरंच इतकी घाबरली होतीस?"

"जीव जायचा राहिला."

"मग पुढच्या प्रयोगालाही तशीच घाबर," बाबा म्हणाले. "मी पहिला अंक नवा लिहितो. आणि हे बघ, आत्याला तालमीला फिरकू देऊ नकोस."